वानखडे सिस्टर आणि गावच्या जावयाचा इन्व्हर्टर

वानखडे सिस्टर कोणाच्याही घरात शिरल्या की आधी पाण्याच्या माठावरचं झाकण उचलायच्या. घरच्या बाईनं "या, बसा" म्हणायच्या आत यांचं डोकं माठात. आत गाळ दिसला की मग लग्नघर असो नाहीतर सुतकाचं, सिस्टर सुरू. एकदा नवरदेवाकडची माणसं ओसरीवर बसलेली असताना त्यांनी माझ्या चुलत जावेचा अख्खा माठ अंगणात पालथा केला होता. माझी जाऊ ते अजून विसरलेली नाही. पण तिच्या घरी तेव्हापासून पाणी गाळून भरतात, हेही खरं.

त्या सरकारी नर्स. नोकरीची बहुतेक वर्षं आमच्या धामणगाव बढे गावातच गेली. आज्जी, आई आणि नात अशा एकाच घरातल्या तिघींचे दंड त्यांच्या सुईला ओळखायचे. नवरा तरणाच गेला, मूलबाळ नाही, एक भाची तेवढी अकोल्याला. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीत, माझ्या पिठाच्या गिरणीला लागून दोन खोल्यांचं घर बांधलं. दारासमोर बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती, आत एक खाट, एक कपाट आणि भिंतीवर लहान लेकरांच्या लसींचा जुना तक्ता. नोकरी संपली तरी तो तक्ता त्यांनी काढला नाही. येणाऱ्याजाणाऱ्या सुनांना त्याच्यासमोर उभं करून झापायला त्यांना तो लागायचा.

लोक म्हणतात, सिस्टर फार तापट होत्या. मला तर या शब्दाचाच संताप येतो. हेच सगळं एखाद्या पुरुषानं केलं असतं तर त्याला करारी म्हणाले असते आणि सरपंच करून टाकलं असतं. बाई बोलली की तापट. त्यातून एकटी बाई, त्यातून वानखडे. मग तर बोलायलाच नको.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सांगू नको, दाखव." गोळ्या घेतल्या म्हटलं की पाकीट दाखव. पोरगी नीट जेवते म्हटलं की तिचं ताट दाखव. गिरणीत मी म्हणायची, सिस्टर, बारीक दळलं आहे बरं का. तर त्या सरळ पिठात बोटं घालायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत चिमूट चोळत राहायच्या. मला असा राग यायचा! पण दळताना माझा हात आपोआप जात्याच्या चकतीकडे जायचा, जरा अजून घट्ट करायला.

एकदा तालुक्याहून लसीचा डबा आला. त्या दिवशी नेमकं एका पुढाऱ्याच्या हस्ते लसीकरणाचं उद्घाटन होतं. मंडप, हार, फोटोवाला, लेकरं नटवून आणलेल्या आया, सगळी तयारी. सिस्टरांनी डबा उघडला तर बर्फाचं पार पाणी झालेलं. डबा आणणारी गाडी म्हणे वाटेत कोणाच्या तरी बारशाला थांबली होती. सिस्टरांनी झाकण लावलं आणि ही लस टोचणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचे साहेब जवळ येऊन कुजबुजले, की फोटोपुरतं चार लेकरांना टोचा, बाकीचं नंतर बघू. ते कुजबुजले, पण या बाईला कुजबुजता कुठं येत होतं. सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फोटोच पाह्यजे तर मोठ्या साहेबाच्या दंडाले टोचतो. लेकराले नाही."

झालं. महिन्याच्या आत बदली, तीही पार संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. गावानं काय केलं? काही नाही. ज्यांच्या लेकरांना खराब लस टोचली गेली नाही, त्या आयांनीसुद्धा हळहळण्यापलीकडं काही केलं नाही. सिस्टर तिकडं गेल्या, तिकडच्या माठांत डोकावल्या, तिकडच्या साहेबाशी भांडल्या आणि काही वर्षांनी परत आमच्याकडे आल्या. तिकडच्या साहेबानंच पाठवलं असणार.

अशा बाईचा श्वास आखडला. फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली आहेत, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. बरं होणारं दुखणं नाही, पण नाकात ऑक्सिजनची नळी राहिली तर बाई चालती-बोलती राहील. भाचीनं घरी ठेवायची ऑक्सिजनची मशीन घेऊन दिली. चाकांवरचं गुडघ्याएवढ्या उंचीचं धूड. हवा ओढायची, आतल्या कॉम्प्रेसरनं दाबायची आणि ऑक्सिजन नळीत सोडायची. सगळं विजेवर. आणि आमच्याकडे वीज कशी असते ते सांगायला नको. उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळी वारं सुटलं की लाइन जी जाते ती अख्खी दुपार येत नाही.

डॉक्टर म्हणाले, लाइन गेल्यावर मशीन चालेल अशी सोय करा, नाहीतर गाव सोडून अकोल्याला भाचीकडे राहा. भाची गुणाची. ती खोली रिकामी करायला तयार होती. पण सिस्टरांना जायचं नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर उठून बसून त्या मला म्हणाल्या, "पुष्पे, तिकडं गेली तर मी सिस्टर नाही राहणार. भाचीच्या घरची बिमार मावशी होईन. मले माह्या घरी मरायचं हाये, आणि त्याच्या आधी माह्या घरी जगायचं हाये."

एवढंच हवं होतं त्यांना. छतावर दोन सोलर प्लेटा, एक बॅटरी आणि पेन्शनीत हप्त्यानं बसेल असा, ती मशीन ओढणारा इन्व्हर्टर. म्हणजे चंद्र-सूर्य मागितले नव्हते.

आता यात भास्करभाऊ आले. आमच्या गल्लीतलं मोठं घर त्यांचं. शेती बक्कळ, बोलणं गोड, प्रत्येकाच्या कामात पुढं. त्यांची मुलगी वर्षा. तिच्या नवऱ्याचं मोताळ्याला सोलर आणि इन्व्हर्टरचं दुकान. जावई मूळ देऊळगाव राजाकडचा. भास्करभाऊ दवाखान्यात गेले आणि म्हणाले, सिस्टर, तुम्ही काही काळजी करू नका, घरचं दुकान असताना बाहेर कशाला बघायचं, तुम्ही यायच्या आत सगळं बसवून ठेवतो. सिस्टरांनी किल्ली दिली. मशीन आधीच घरी येऊन पडली होती. त्यांनी एकच बजावलं, की मशीन लावून बघा.

आणि इथंच सगळं फिसकटलं. एका घरचा जावई म्हणजे आमच्याकडे अख्ख्या गावाचा जावई. तो आला की त्याला पाट, त्याला पाणी, त्याला दुपट्टा-टोपी. त्याच्याशी भाव करायचा नाही, त्याला "हे काय आणलं" म्हणून विचारायचं नाही. परका दुकानदार असता तर ह्याच लोकांनी डबा उलटा-सुलटा करून, स्क्रू मोजून घेतला असता. जावयाचा डबा म्हटल्यावर सगळ्यांचे हात जोडलेले.

जावई एक माणूस घेऊन आला, प्लेटा चढवल्या, बॅटरी ठेवली, इन्व्हर्टर भिंतीवर लावला. भास्करभाऊंनी त्या इन्व्हर्टरला हळद-कुंकू लावलं, समोर नारळ फोडला. बौद्धाच्या घरात नारळ! एकालाही सुचलं नाही. मेन स्विच बंद केला, पंखा फिरला, दिवा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीन कोपऱ्यात उभी होती. तिचा प्लग लावून बघू, असं मी म्हटलं, तर दोन-तीन बायांनी मला डोळ्यांनी दटावलं. जावयाचं ताट वाढलेलं होतं, पुरणपोळी थंड होत होती, आणि जावयाच्या कामाची परीक्षा घेणं बरं दिसत नाही म्हणे. मग सगळे जेवायला गेले.

सिस्टर घरी आल्या. भिंतीवरचं हळद-कुंकू बघून पहिल्यांदा भडकल्या, माह्या घरात नारळ कोणी फोडला म्हणून. ओल्या फडक्यानं डबा पुसायला घेतला, पण कुंकवाचा डाग काही पुरता गेला नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी वारं सुटलं आणि लाइन गेली. पंखा फिरत राहिला. दिवा लागलेला. आणि मशीन घुं घुं घुं करून आचके द्यायला लागली, लाल दिवा, कर्कश शिट्टी, बंद. परत चालू केली, परत तेच. गिरणी बंद पडल्यामुळे मी दारातच उभी होते म्हणून मला ती शिट्टी ऐकू आली. धावत गेले तर सिस्टर भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ निळे पडायला लागलेले, बोटानं कपाटाकडे दाखवत होत्या. तिथं अडीअडचणीचं लहान सिलिंडर होतं. ते लावलं. बोलता येऊ लागल्यावर पहिला शब्द शिवी होता, आणि ती मी इथं लिहीत नाही.

पंखा वरती मजेत फिरत होता. मला तर त्या पंख्याचाच असा राग आला, की वाटलं काठीनं हाणावा.

भास्करभाऊंना सांगितलं तर म्हणाले, मशीनमध्येच दोष असेल, डबा नवाकोरा आहे. शेजारचे म्हणाले, जावयाला बोलावून विचारणं बरं दिसणार नाही, सिस्टरांनी आठ दिवस अकोल्याला जाऊन यावं. म्हणजे बाईनं आपलं घर सोडावं, पण जावयाला प्रश्न विचारू नये!

सिस्टर अकोल्याला गेल्या नाहीत. मोताळ्याला गेल्या. सकाळी ऑटो बोलावला, मशीन चढवली, लहान सिलिंडर मांडीवर घेतलं, नळी नाकात, गळ्यात जुना स्टेथोस्कोप आणि शेजारी मी. कुंकवाचा डाग असलेला तो डबा माझ्या पायाशी. वाटेत मी म्हटलं, आधी फोन करायचा का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी फोन परत पिशवीत टाकला.

दुकानात जावई लगबगीनं उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. सिस्टर म्हणाल्या, चहा मशीन चालल्यावर. मग टेबलावरच्या बॅटरीला आमचाच डबा लावायला सांगितला, त्यात मशीनचा प्लग. घुं घुं, लाल दिवा, शिट्टी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. जावई हळू आवाजात म्हणाला, मावशी, घरी येऊन बघतो ना मी, गावचा जावई आहे, चार लोकांत असं नका करू.

"जावयाचा मान पुरणपोळीत," सिस्टर म्हणाल्या. "माह्या श्वासात नाही. दुसरा लाव."

दुसरा लावला. तो मोठा, पण त्याच जातीचा. मशीन सुरू झाली, आणि जावई म्हणाला, चालली की. सिस्टरांनी स्टेथोस्कोप मशीनच्या पोटाला लावला. गिऱ्हाइकं हसायला लागली. त्या डोळे मिटून ऐकत बसल्या. मग मशीनवर पालथा हात ठेवला आणि म्हणाल्या, हिले ताप येऊन राह्यला. खरंच, थोड्या वेळात गरम वास सुटला. दुकानातल्या मेकॅनिकनं तेव्हा धीर करून सांगितलं, की या स्वस्त डब्यांतून वीज धक्क्याधक्क्यानं येते. पंख्या-दिव्याला कळत नाही, पण कॉम्प्रेसरची मोटर तापते. तिला सलग चढउताराची वीज लागते, साइन वेव्ह म्हणतात ती. आणि सुरू होताना मोटर एकदम जास्त ओढते, ते सोसेल असा डबा पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, मंग नाडी बिघडलेली हाये म्हण ना सरळ.

मग जावयानं एकदम सगळ्यात भारी डबा काढला. रंगीत पडदा, मोबाइलवर आकडे दिसणार, चार बॅटऱ्या लागणार. सिस्टरांनी विचारलं, माझ्या घरी एक बॅटरी आहे, बाकीच्या तीन कोणाच्या घरून आणू? आणि श्वास मी मोबाइलवर बघू की नाकानं घेऊ? तो मागं ठेवायला लावला. शेवटी फळीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक साधा डबा मेकॅनिकनं आणला. पडदा नाही, नखरा नाही, पण साइन वेव्ह, आणि एकाच बॅटरीवर चालणारा. आधीच्या डब्यापेक्षा महाग, पण पेन्शनीत बसणारा.

सिस्टरांनी सिलिंडरची नळी काढली, मशीनची नाकात घातली, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली आणि दुकानाच्या मधोमध बसून राहिल्या. पहिल्यांदा आकडा घसरला. मग थांबला, मग हळूहळू वर चढला. मशीन एकसुरी श्वास घेत होती. कितीतरी वेळ अशा बसल्यावर त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

निघताना जावई पायरीपर्यंत आला. खाली बघत म्हणाला, "मावशी, मला जे सांगितलं तेच मी बसवलं होतं." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दुकानदार असंच बोलतात. सिस्टर मात्र ऑटोत चढता चढता थांबल्या होत्या.

गावात बोंब झाली. सिस्टरनं गावच्या जावयाची भर दुकानात इज्जत काढली. ज्यांनी ओठ निळे झालेले बघितले नव्हते ते सगळे बोलत होते. आणि त्यातच आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. जावई रुसला आणि त्यानं वर्षाला पाठवलंच नाही. मग तर काय, सगळ्या गल्लीनं सिस्टरांकडे बोट केलं. तुमच्यामुळे एका लेकीचं माहेर तुटलं म्हणे. आणि वर्षाला जगात आणली होती कोणी? याच बाईनं, त्याच घराच्या आतल्या खोलीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गिरणीवर कोणी बाई तो विषय काढायची तर मी मुद्दाम पट्टा चालू करायची, आवाजात तिचं बोलणं बुडावं म्हणून.

भास्करभाऊ सिस्टरांकडे आले. माफी मागू नका म्हणाले, फक्त एकदा जावयाला तुमच्याकडे जेवायला बोलवा, मान द्या, त्याचा राग जाईल. मला वाटलं आता सिस्टर यांना झाडूनं काढतात. तर त्या हो म्हणाल्या. इतक्या पटकन, की भास्करभाऊसुद्धा दचकले.

मी पुरण वाटलं, पोळ्या मी लाटल्या. सिस्टर खाटेवर बसून सूचना देत होत्या, नाकात नळी. जावई आला, वर्षा आली, भास्करभाऊ आले, गल्लीतले दोघं-तिघं मानाचे आले. सिस्टरांनी जावयाला दुपट्टा-टोपी दिली, पाट दिला, पहिली पोळी स्वतःच्या हातानं वाढली. सगळ्यांचे चेहरे कसे खुलले. झालं गेलं मिटलं असं वाटायला लागलं. भास्करभाऊंनी सिस्टरांच्या मोठ्या मनाचं कौतुकही सुरू केलं.

तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मशीन क्षणभरही अडखळली नाही. तशीच चालू. त्या जावयाच्या समोर उभ्या राहिल्या.

"जावईबापू, तुमचा मान झाला. आता सांगा. हा चालते, तर पहिला काऊन बसवला होता?"

जावयाचा हात ताटात थांबला. त्यानं वर्षाकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. भास्करभाऊ म्हणाले, जाऊ द्या ना सिस्टर, जेवताना काय.

जावई म्हणाला, "मावशी, मी मामांना सांगितलं होतं, या मशीनला साधा डबा चालत नाही म्हणून. मामाच म्हणाले, पंखा-दिवा चालंल असं हलकंच बसव. म्हातारी किती दिवसांची आहे, तुझे हप्ते अडकून पडतील."

मी परात हातात घेऊन उभी होते. त्या क्षणी ती परात मी भास्करभाऊंच्या डोक्यात घातली नाही, हेच आश्चर्य. म्हणजे जावई रुसला होता तो सिस्टरांवर नव्हेच. सासऱ्यासाठी चार लोकांत बोलणी खाल्ली, म्हणून तो सासऱ्यावर रुसला होता. आणि हे भास्करभाऊ! त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मशीनमध्ये दोष आहे म्हणाले तेव्हाही माहीत होतं. माफी न मागता मान द्या म्हणून सांगायला आले, तेव्हाही.

भास्करभाऊ ताटावरून उठायला लागले.

"बस," सिस्टर म्हणाल्या. "उठू नको ताटावरून. तुही माय खाटेवर पडली होती, तवा डॉक्टरनं सांगतलं होतं का चार दिवसाची सोबतीण हाये. ती कितीक दिवस राह्यली. मी रोज सकाळी येऊन तिच्या पाठीच्या जखमा धूत होती. माह्या हातचं पाणी पेत नव्हती ती, तरी येत होती. भास्कर, म्या तुले कधी इचारलं काय, का म्हातारी किती दिवसाची हाये?"

एवढं बोलल्यावर त्यांना धाप लागली. त्या खाटेवर बसल्या. वर्षा तुपाची वाटी खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसली, बापाकडे एकदाही न बघता. भास्करभाऊ बसून राहिले. जेवले नाहीत. जावयाला मात्र सिस्टरांनी खुणेनं आणखी एक पोळी वाढायला लावली.

यावरही गाव म्हणालं, की जेवायला बोलावून माणसाची लाज काढणं बरं नव्हे. मग काय, उपाशी ठेवून काढायची होती? या गावाला ना, चूक करणाऱ्यापेक्षा ती बोलून दाखवणाऱ्याचाच जास्त त्रास होतो. भास्करभाऊ आजही सगळ्यांच्या कामात पुढं असतात. त्यांच्या दारापुढून जाताना मी आजही पदर सावरत नाही.

सिस्टर अकोल्याला गेल्या नाहीत. त्या आपल्या घरी राहिल्या आणि पुढच्या वर्षी श्रावणात, दुपारी, आपल्या खाटेवर गेल्या. मशीन तेव्हा चालू होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण डबा बंद पडून गेल्या असंही काही जणांनी उठवलं आहे. साफ खोटं.

त्याच्या आधीचा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वादळात खांब पडले होते, आदल्या दिवसापासून लाइन नव्हती. गल्लीत एकाच घरात सोलर, मग सगळे फोन चार्ज करायला सिस्टरांकडे. त्या खाटेवर बसून एकेकाला विचारत होत्या, नुसता फोन हाये ना, दुसरं काही लावायचं नाही. बॅटरीवर पहिला हक्क मशीनचा. खिडकीत फोनांची रांग लागली होती. त्यात एक मोठा, काळ्या कव्हरचा फोन मी ओळखला. भास्करभाऊ स्वतः आले नव्हते, गड्याच्या हाती पाठवला होता.

माझं डोकंच फिरलं. मी वायर उपटायला हात घातला, तर सिस्टरांनी हातावर फाडकन चापट मारली.

"मले राग नाही असं समजू नको," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत राहीन. पण त्याचा फोन कालपासून बंद हाये. पोरगी तिकडं जीवाले घोर लावून बसली असन."

त्या बोलत होत्या तोवर फोन वाजलाच. वर्षाच होती. सिस्टरांनी फोन उचलला, मी सिस्टर बोलतो म्हणाल्या, जेवली का म्हणून विचारलं, आणि पुढं त्यांना धाप लागली. एक हात छातीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं फोन माझ्यापुढं धरला. मी घेईना. त्यांनी डोळे वटारले आणि हात तसाच धरून ठेवला.

मग मी फोन कानाला लावला आणि वर्षाला सांगितलं, की तुझे बाबा बरे आहेत.